तात्पुरतं

"निनाद सप्रे को कॉल पर लीजिए," पडद्यावरचे श्रीवास्तवसाहेब म्हणाले, आणि नीरजाच्या हातातला कुल्हड असा काही कलला की अर्धा चहा तिच्या ओढणीवर आला.

बनारसच्या सिगऱ्यातल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात एरवी सहा माणसं साठांचा गलका करायची. आज सगळे आपापल्या नखांकडे बघत बसले होते. शेवटी मालकानं, म्हणजे विश्वजीतनं, घसा साफ केला.

"सर, वो अब नहीं रहे."

"नहीं रहे मतलब? कंपनी छोड़ गए?"

"एक्सपायर हो गए, सर. पिछले साल अक्टूबर में."

लखनौहून बोलणाऱ्या साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि हातातल्या कागदाला नाक लावलं.

"अजीब बात है. आदमी एक्सपायर हो गया और टोकन नहीं हुआ? पिछले हफ़्ते की सारी गड़बड़ के आगे यही नाम लिखा है. निनाद सप्रे, निनाद सप्रे, निनाद सप्रे."

आपल्या माणसाचं नाव परक्या तोंडून असं चोरासारखं पुकारलेलं ऐकणं काय असतं, ते ज्याच्यावर वेळ येते त्यालाच कळतं. नीरजा ओढणीचं टोक पिळत राहिली. निनाद तिच्या शेजारच्या खुर्चीवर सहा वर्षं बसला होता. दुर्गाघाटच्या एकाच गल्लीतले दोघं. हे काम तिला त्यानंच शिकवलं, चुकली की शिव्याही त्यानंच दिल्या, आणि तिच्या आईचे गुडघे धरले की औषधं आणून देणाराही तोच. सख्खा भाऊ असता तर ह्याहून वेगळं काय करणार होता!

झालं होतं ते असं. ही कंपनी लखनौच्या एका मोठ्या पॅथॉलॉजी लॅबचं सॉफ्टवेअर सांभाळायची. गेल्या आठवड्यात एका दुपारी कुणीतरी चाचणीसाठी केलेलं अर्धंकच्चं काम थेट चालू सर्व्हरवर जाऊन बसलं, आणि ह्याचे रिपोर्ट त्याला, त्याचे ह्याला, असा सावळा गोंधळ उडाला. गोंडा गावच्या एका धडधाकट मास्तरांना भलत्याच कुणाची साखर चिकटली. डॉक्टर त्यांना इन्सुलिन टोचायला निघाले होते. बायकोनं भांडून पुन्हा रक्त तपासून घेतलं म्हणून निभावलं. आता लॅबला, म्हणजे श्रीवास्तवसाहेबांना, उत्तर हवं होतं, आणि ते उत्तर लेखी द्यायचं काम नीरजाकडे होतं.

सर्व्हरवर नवं काम चढवायला ह्या ऑफिसात माणूस लागत नसे. कुणी बदल केला की यंत्रच तो उचलायचं, तपासायचं आणि नेऊन ठेवायचं. ती सगळी व्यवस्था निनादनं उभी केलेली. पण यंत्र झालं तरी दार उघडायला त्याला किल्ली लागते. तिला टोकन म्हणतात. दिसायला म्हणाल तर अक्षरा-आकड्यांची एक लांबलचक ओळ. ज्याच्या खात्यातून ती किल्ली काढली, त्याच्या नावावर यंत्राचं सगळं केलंसवरलं मांडलं जातं. शहाणी माणसं यंत्राला स्वतंत्र खातं देतात, किल्लीनं हवं तेवढंच दार उघडेल असं बघतात आणि तिला मुदत घालतात. इथली किल्ली निनादच्या नावाची होती, सगळी दारं उघडत होती आणि मुदतीचा पत्ता नव्हता. त्यामुळे निनाद जाऊन आठ महिने झाले तरी ह्या ऑफिसातलं प्रत्येक काम निनादच करत होता.

"और ये क्या है?" साहेबांचं बोट कागदावर थांबलं. "टोकन का नाम लिखा है... तत्-पुर्ता. ये कौन साहब हैं? साउथ के हैं कोई?"

त्या खोलीत मराठी कळणारी माणसं दोनच. नीरजानं मान वर केली तर विश्वजीत तिच्याचकडे बघत होता.

तीन वर्षांपूर्वी ह्याच टेबलाशी हे टोकन बनलं तेव्हाही हे दोघं तिथं होते. निनाद म्हणत होता, यंत्राला वेगळं खातं काढूया, अर्धा दिवस लागेल. विश्वजीत त्याच्या खुर्चीमागे उभा राहून त्याचा खांदा थोपटत होता. "अरे यार, अभी अपने नाम से बना दे. नंतर बदलू ना!" निनादनं वैतागून ऐकलं. किल्लीला काय नाव द्यायचं, असं पडद्यानं विचारलं तेव्हा त्यानं इंग्रजी अक्षरांत टाइप केलं, तात्पुरतं. "म्हणजे रोज डोळ्यांत खुपेल," तो म्हणाला होता. पण खुपणार कुणाच्या? बाकीच्या पोरांना मराठीचा गंध नाही. त्यांना वाटलं, असेल एखादी परदेशी यंत्रणा. नव्यानं कुणी आलं की ते बजावायचे, तत्पुर्ता को मत छेड़ना, सब बैठ जाएगा.

"कुछ नहीं, सर," विश्वजीत हसून म्हणाला. "मराठी में पुकारने का नाम है. जैसे आपके यहाँ पप्पू, गुड्डू."

"अच्छा!" साहेबही हसले. मग त्यांची नजर नीरजावर आली. "मैडम, आप भी मराठी हैं न? यही मतलब है?"

एक शब्द सांगायचा होता. टेम्पररी, एवढंच. म्हणजे त्या माणसाला हे कळलं असतं की ज्यानं किल्ली बनवली त्याला ती बदलायची होती, आणि कुणीतरी ती बदलू दिली नाही. नीरजाच्या जिभेवर शब्द आलाही होता. पण त्याच्यामागून आईचे गुडघे आले, घराच्या पायऱ्या आल्या, आणि बनारसात ह्या कामाची दुसरी नोकरी नाही, नोएडाला जावं लागेल, हेही आलं.

"जी, सर," ती म्हणाली.

कॉल संपल्यावर विश्वजीतनं तिला आपल्या केबिनमध्ये बोलावलं. कूलरचं तोंड तिच्याकडे वळवलं, स्वतः उठून पाण्याची बाटली दिली.

"बस, नीरू. पाणी पी आधी."

ऑफिसात तो मालक आणि ती 'मैडम'. बोलणं सगळं हिंदीत. त्याला मराठी आठवली की ओळखावं, आता काहीतरी आपल्या गळ्यात पडणार. तो शेजारच्याच ब्रह्माघाटचा. लहानपणी गणेशोत्सवात ह्यानं पेटी वाजवायची, निनादनं तबला, आणि नीरजानं पुढं बसून टाळ्या द्यायच्या.

"रिपोर्ट वाचला तुझा. चांगला लिहिलायस. फक्त ते व्हॉट्सॲपवालं काढून टाक."

व्हॉट्सॲपवालं म्हणजे सगळ्या भानगडीचं मूळ. लॅबला काहीतरी नवीन झटपट दाखवायचं म्हणून विश्वजीतनं बाहेरच्या एका पोराला काम दिलं होतं. परवानग्या काढत बसायला नको म्हणून ते टोकनच त्यानं त्या पोराला मोबाइलवरून पाठवून दिलं. घराची किल्ली दूधवाल्याच्या हातात द्यावी तसं. त्या पोरानं भलतंच काम भलतीकडे चढवलं. नाव लागलं निनादचं.

"ते काढलं तर उरतं काय, दादा?"

"उरतं ते खोटं आहे का? टोकन कुणी बनवलं? निनादनं. मुदत कुणी नाही घातली? निनादनं. सगळे हक्क कुणी देऊन ठेवले? मी एक अक्षर खोटं लिही म्हणालो का?"

"त्यानं तुम्हाला किती वेळा सांगितलं! दर वेळी तुम्ही म्हणायचात, पुढच्या महिन्यात. मी शेजारी बसलेली असायचे. तो बिचारा तात्पुरतं लिहून मेला आणि तुम्ही त्याचा पप्पू-गुड्डू केलात."

"मग तू का नाही बोललीस?"

विश्वजीतनं हे रागानं विचारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं अगदी साध्या आवाजात विचारलं. नीरजाला तोंडात मारल्यासारखं झालं. तिनं बाटलीचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं.

"हे बघ," तो खुर्ची पुढं ओढत म्हणाला, "लॅब गेली तर ही सहा पोरं उद्या रस्त्यावर. मला सांग, निनादला आता काय फरक पडतो? त्याची नोकरी जाणार आहे? त्याला कुणी नोटीस देणार आहे? गेलेल्या माणसानं थोडं अंगावर घेतलं तर जिवंत माणसं वाचतात. तो असता तर स्वतः म्हणाला असता, लिहा माझं नाव."

आणि ह्यातलं शेवटचं वाक्य खरं होतं, हीच तर आग होती. निनाद म्हणालाच असता. असल्या माणसांच्या जिवावरच विश्वजीतसारख्यांची ऑफिसं चालतात.

"घाटावर काय बोलला होतात, आठवतंय?" नीरजानं विचारलं.

विश्वजीतनं मोबाइल उचलला आणि त्यात काहीतरी शोधू लागला.

निनाद डेंग्यूनं गेला. कोजागिरीला ताप आला आणि आठवडा काही त्यानं बघितला नाही. दवाखान्यात नीरजा भेटायला गेली तेव्हा ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले, आणि बोलत काय होता? "ते तात्पुरतं बदलायचं राहिलं बघ, नीरू." ती म्हणाली, गप पड, तू बरा होऊन ये, मग दोघं मिळून बदलू. नर्सनं तिला बाहेर काढलं. तेच शेवटचं.

दहाव्याला सगळे संकठा घाटावर होते. पिंड मांडून झाला, सगळे मागे सरले, आणि कावळा येईना. म्हणजे आला, वरच्या कठड्यावर बसला, मान वाकडी करून बघत राहिला. खाली काही उतरेना. निनादच्या वडिलांनी, नरहरकाकांनी, हात जोडून सांगितलं, बकुळची काळजी करू नकोस, तिला शिकवीन. बकुळ म्हणजे निनादची लेक, आठवीतली. कावळा हलला नाही. मधुरावहिनी, निनादची बायको, सासऱ्यांकडे बघून म्हणाली, मी अण्णांना कधी अंतर देणार नाही. कावळा ढिम्म. ऊन चढत चाललं. गुरुजी दर्भाचा कावळा करायला घेणार, तेवढ्यात नीरजाला आतून वाटलं, हा कशावर अडलाय ते आपल्याला माहीत आहे. पुढं होऊन म्हणावं, निनाददादा, तुझं तात्पुरतं मी बदलीन. पण घाटावर, गुरुजींसमोर, वहिनीसमोर असलं काही बोलायचं? लोक काय म्हणतील? तिची तिलाच लाज वाटली आणि ती जागची हलली नाही.

तेवढ्यात विश्वजीत पुढं झाला. डोळे रडून लाल झालेले. ते रडणंही काही खोटं नव्हतं, हे सांगायला हवं. त्यानं हात जोडले आणि आपल्या हिंदी वळणाच्या मराठीत, पण सगळ्या घाटाला ऐकू जाईल असं म्हणाला, "निनाद, तुझं नाव काढू आम्ही. कंपनीत तुझं नाव काढू."

आणि कावळा उतरला. पिंडाला चोच लागली तसे नरहरकाका मटकन पायरीवर बसले आणि विश्वजीतचा हात धरून लहान मुलासारखे रडले.

"नीरू," विश्वजीत मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "साहेबांना संध्याकाळपर्यंत रिपोर्ट हवाय."

तिनं तो संध्याकाळच्या आत दिला. व्हॉट्सॲपवाला परिच्छेद गेला. त्या जागी विश्वजीतनं सांगितलेलं वाक्य आलं: सदर त्रुटी ही माजी कर्मचारी श्री. निनाद सप्रे यांच्या हलगर्जीपणामुळे घडली असून, त्यांचे नाव सर्व प्रणालींतून काढण्यात येत आहे. रिपोर्ट इंग्रजीत होता. मराठीत लिहायचा असता तर तिचा हात चालला असता की नाही, कुणास ठाऊक. चालला असता, असंच तिला नंतर वाटत राहिलं.

रिपोर्टनंतर राहिलं टोकन. लॅबचं म्हणणं होतं, जुनं आजच्या आज रद्द करा. त्याचं बटण लाल रंगाचं होतं, आणि दाबल्यावर पडदा पुन्हा विचारतो, नक्की का, हे परत आणता येणार नाही. तिथं नीरजाचं बोट अडलं, आणि त्याला कारण एक फोन होता.

निनादचा मोबाइल त्याच्या मागे नरहरकाकांकडे राहिला होता. कंपनीत कुठलंही काम सर्व्हरवर चढलं की ज्याच्या नावाचं टोकन त्याच्या फोनवर संदेश येतो, आणि त्या ॲपचा एक ठरलेला आवाज आहे, पितळी वाटीवर चमचा वाजल्यासारखा. निनाद गेल्यावर चार दिवसांनी तो फोन टण्ण करून वाजला. काका रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. इंग्रजी वाचता येत होतं, संदर्भ तेवढा लागत नव्हता. त्यांनी वाचलं, निनाद सप्रे, आणि पुढं, सक्सेसफुल. एवढं पुरलं म्हाताऱ्याला. तेव्हापासून ते फोन चार्जिंगला लावून उशाशी ठेवायचे. दिवसातून दोनदा-तीनदा वाजायचा. मग पानवाल्याला, देवळातल्या पुजाऱ्याला, ज्याला त्याला सांगायचे, "निनादचं काम चालू आहे. कंपनीनं त्याला अजून काढलेलं नाही." लोक मान डोलवायचे. नीरजाला हे माहीत होतं, मधुरावहिनीला माहीत होतं, आणि दोघींपैकी एकीलाही काकांना खरं काय ते सांगायची छाती झाली नाही.

"झालं का?" विश्वजीत तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

तिनं बटण दाबलं. निनाद सप्रे हे नाव यादीतून गेलं. इतका साधा प्रकार. पडदा लुकलुकलासुद्धा नाही.

"आता नवीन बनव. लॅबचं काम अडकून पडलंय."

"यंत्राला वेगळं खातं काढू, दादा. अर्धा दिवस द्या मला. मुदत घालते, हक्क कमी करते. आता तरी."

"करू ना. शंभर टक्के करू." विश्वजीतचा हात तिच्या खुर्चीच्या पाठीवर आला. "पण अभी अपने नाम से बना दे, नीरू. नंतर बदलू."

नीरजानं वळून त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. लबाडी नव्हती, लाज नव्हती, आपण हेच वाक्य ह्याच जागी पूर्वी बोललो आहोत ह्याची आठवणही नव्हती. लबाडी असती तर तिला ओरडता तरी आलं असतं.

तिनं स्वतःच्या खात्यातून टोकन काढलं. मुदतीच्या चौकटीत तीन महिने टाकले, तो म्हणाला, "नको नको, पुन्हा ऐन वेळी बंद पडेल." तिनं ते पुसलं. पडद्यानं विचारलं, नाव काय द्यायचं? तिनं जुनंच नाव टाइप केलं, अक्षरन्अक्षर तेच. विश्वजीतनं ते वाचलं. खुर्चीवरचा हात काढून घेतला आणि केबिनमध्ये गेला. थोड्या वेळानं लॅबचं काम चढलं आणि नीरजाच्या पर्समध्ये पितळी वाटी वाजली.

नरहरकाकांचं बोलावणं पुढच्याच आठवड्यात आलं. ऑफिसातून येताना ती तशीच वर चढली. मधुरावहिनी बकुळला शिकवणीहून आणायला गेली होती. काका पलंगावर बसले होते आणि फोन समोर पंच्यावर ठेवला होता, पूजेतला देव पुसायला काढून ठेवावा तसा.

"ये पोरी. बैस. हा बघ बरं जरा. बिघडलाय."

तिनं फोन हातात घेतला. उगाच दोन बटणं दाबली.

"वाजतच नाही," काका म्हणाले. "गोदौलियाला दाखवून आणला. दुकानदार म्हणतो, बाबूजी, फोन एकदम चकाचक है. चकाचक है तर वाजत का नाही?" मग त्यांनी आवाज खाली आणला. "खरं सांग. निनादला काढलं का गं त्यांनी?"

सांगावं का? सांगावं, काका, त्याला काढलं, मीच काढलं, माझ्या ह्या बोटानं. आणि नुसतं काढलं नाही. पण समोर ते पांढरे खुंट वाढलेले गाल, ते तिच्या तोंडाकडे लागलेले डोळे. साहेबांसमोर एक शब्द बोलवला नव्हता तिला. इथं कुठून आणणार होती?

"नाही हो काका. यंत्रणा बदलतायत. दुरुस्ती चाललीय."

"हां. असं होय!" काकांनी मोठा श्वास सोडला. "मी म्हटलंच मधुराला. विश्वजीत तसा पोरगा नाही. त्यानं पिंडासमोर शब्द दिलाय." मग जरा थांबून, लाजल्यासारखं करून त्यांनी विचारलं, "काढतात का गं कधी त्याचं नाव कंपनीत?"

"काढतात, काका."

"खरंच?"

"परवाच काढलं. विश्वजीतदादानं स्वतः. लखनौच्या मोठ्या साहेबांसमोर." तिला थांबता येईना, कडूजहर हसू ओठांशी आलं होतं ते तिनं दातांखाली धरलं. "लेखीसुद्धा काढलं."

"लेखी!" काकांनी कपाळाला हात लावून वर कुठंतरी नमस्कार केला. डोळे भरून आले होते. "पक्का निघाला हो शब्दाचा. आजकाल कोण कुणाची आठवण ठेवतं? ह्या वर्षी गणपतीला त्याला जेवायला बोलावणार आहे मी. मधुराला म्हणतो, पुरण घाल."

टण्ण.

वाटी वाजली. नीरजाच्या मांडीवर, पर्समध्ये. ऑफिसात कुणीतरी जाता जाता काहीतरी चढवलं होतं.

"वाजला!" काका पलंगावरून निम्मे उठले. "वाजला! तू हात लावलास आणि वाजला बघ! माझा चष्मा... चष्मा कुठं ठेवला मी..."

ते उशीखाली चाचपू लागले. नीरजानं पर्समध्ये हात घातला, आपला फोन गच्च दाबून धरला, आवाजाची कळ खाली खाली नेली. चष्मा काही सापडेना.

"राहू दे, तूच वाच," काका म्हणाले. "काय म्हणतोय?"

निनादच्या फोनवर जुनाच संदेश होता, गेल्या आठवड्यातला, लाल बटणाच्या आधीचा. वर तारीख होती. नीरजानं तारखेवर अंगठा ठेवला.

"निनाद सप्रे," तिनं वाचलं. "सक्सेसफुल."